दोघांची मामी

दोन हजार तेवीस साल. आमच्या घरातल्या गोष्टी मला सालांवरून आठवतात. ब्याऐंशी साली नेपरव्हिलचं हे घर घेतलं, तेव्हा मागे मक्याचं शेत होतं. सत्त्याण्णव साली अमितने ग्रासिएलाशी लग्न केलं. दोन हजार सातमध्ये मंजूचा घटस्फोट झाला. तेवीस साल मात्र पट्ट्याचं. त्या एप्रिलमधल्या एका शनिवारनंतर माझी लेक आणि माझी सून कितीतरी दिवस एका टेबलाशी बसल्या नाहीत.

पट्टा म्हणजे काय ते आधी सांगते. ग्रासिएला पुलांची इंजिनिअर. कॉलेजात असल्यापासून ती हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिश बोलणाऱ्या, इंजिनिअरांच्या संघटनेत. आमच्या शेजारच्या अरोरा गावात त्यांची शाखा आहे. दर शनिवारी एका शाळेच्या हॉलमध्ये मुलांना जमवून हे लोक त्यांच्याकडून पूल बांधून घेतात, मोटारी जोडून घेतात. मोठ्या मुलांच्या मुलाखतींची तयारी करून घेतात. सूट नसेल त्याच्यासाठी सुटांचं एक कपाट आहे. मुलांच्या आयांना वेगळं बोलावून, इंजिनिअर म्हणजे काय आणि मुलगी लांबच्या कॉलेजात गेली म्हणून ती हातची जात नाही, हे त्यांच्या भाषेत समजावतात. या शाखेला ते सरळ 'फामिलिया', म्हणजे कुटुंब, म्हणतात. आणि दर वसंतात, त्या शनिवारच्या वर्गातून वर आलेल्या आणि त्या वर्षी ग्रॅज्युएट होणाऱ्या मुलांपैकी एकाला सगळे मिळून निवडतात आणि वार्षिक जेवणाच्या वेळी त्याच्या गळ्यात विणलेला रंगीत पट्टा घालतात. घालणारं माणूस त्या मुलाने स्वतः निवडायचं. ज्याने बोट धरून इथवर आणलं ते माणूस. बाई असेल तर तिला मद्रिना म्हणतात. आपल्याकडे मुंजीत मामा लागतो, तसं त्यांच्याकडे हे माणूस लागतं.

त्या वर्षी माझी दोन्ही नातवंडं ग्रॅज्युएट होत होती. अमित-ग्रासिएलाची अनिका आणि मंजूचा वेद. एकाच वर्षी जन्मलेली, एकाच ट्रेनने शिकागोला कॉलेजात जाणारी. मत पडलं वेदला.

वेद त्या वर्गात गेला कसा, तर मंजूमुळेच. मंजू किडनीची डॉक्टर. तेव्हा ती शिकाऊ होती, ड्यूटीला रात्र-दिवस नव्हता. नवरा असून नसल्यासारखा, पुढे तर तोही नव्हता. ग्रासिएला म्हणाली, एकाला सांभाळते तिथे दोघांना सांभाळीन. मग ती दोन कारसीटं लावून दोघांना सगळीकडे न्यायची. अनिका तिला 'मामी' म्हणायची, कारण स्पॅनिशमध्ये मुलं आईला मामी म्हणतात. आणि वेद तिला मामी म्हणायचा, कारण ती त्याची मामीच. मामाची बायको. दोन पोरं दोन बाजूंनी एकच हाक मारायची आणि ती दोघांनाही ओ द्यायची. आम्हाला याची फार गंमत वाटायची. तिच्या माहेरी त्याहून मोठी गंमत. वेद अमितला 'मामा' म्हणायचा तेव्हा तिची आई सोकोरो हसून हसून डोळे पुसायची. त्यांच्यात मामा म्हणजे आई. हा मुलगा मिशीवाल्या माणसाला आई म्हणतो!

त्या शनिवारी दुपारी सगळे आमच्याकडे जमून मग अरोराला जायचं होतं. मंजू सर्वांच्या आधी आली, तीही नारायणपेठी नेसून. मी तिला दिलेली, दहा वर्षं घडी न मोडलेली.

"आई, निऱ्या बघ ना. स्टेजवर पाय अडकला तर?"

"स्टेजवर?"

"मग? वेदला पट्टा कोण घालणार?"

मी कुमारकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. माझा नवरा पन्नास वर्षं वीजकंपनीत इंजिनिअर होता, पण लपवाछपवी त्यांना कधी जमली नाही.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही गं. म्हणजे... वेद म्हणत होता की ग्रासिएला..."

"ग्रेस काय?" मंजू ग्रासिएलाला पहिल्यापासून ग्रेस म्हणते.

"तो तुला सांगणारच होता."

मंजू तशीच उभी राहिली, हातात पिन घेऊन. मग तिने ती पिन पदराला नीट लावली. ती चिडली की तिचे हात फार सावकाश चालतात. लहानपणापासून.

तेवढ्यात बाकीचे आले. अमित, ग्रासिएला, अनिका आणि मागून टायशी झटापट करत वेद. तो सूट मी ओळखला. त्यांच्या कपाटातला होता. मंजूने त्याला गेल्याच महिन्यात चांगला घेऊन दिला होता, पण ज्याला पट्टा मिळतो त्याने कपाटातला सूट घालायचा, अशी त्यांची पद्धत म्हणे.

"वेद, कम हिअर. तुला तो सॅश कोण घालणार आहे?"

"मॉम, आय वॉज गोइंग टू टेल यू."

"कधी? डेझर्टनंतर?"

"ज्याने तुम्हाला तिथे आणलं ना, त्या पर्सनने घालायचा असतो. मला मामीने आणलं. तू कधी आली होतीस तिथे? वन्स?"

"मी कॉलवर असायचे, वेद!"

"आय नो. आय अ‍ॅम नॉट ब्लेमिंग यू."

"ब्लेम केलं असतंस तर बरं झालं असतं."

ग्रासिएला पुढे आली. पंचवीस वर्षांत ती पुष्कळ मराठी शिकली आहे. मोडकं बोलते, पण मनापासून. "मंजू, मी त्याला सांगितली, आधी आईला विचार. तो म्हणाला, विचारला."

"हो का वेद? विचारलंस?"

वेदने टाय सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला. अमितला वाटलं आपण मिटवावं. "यार मंजू, एक सॅशच तर आहे. फोटो तू काढ, छान काढतेस."

"तू गप्प बस, दादा. तुझ्या मुलीला मिळाला नाही म्हणून तुझंही पोट दुखतंयच. उगाच मोठेपणा नको."

अमित लाल झाला, कारण ते खरं होतं. आणि मग अनिका, जी इतका वेळ फोनमध्ये डोकं घालून होती, ती म्हणाली, "आत्या इज राइट. हिज मॉम शुड डू इट."

सगळे तिच्याकडे वळले. वेद तर असा पाहत राहिला की जणू अनिकाने त्याच्या पायाखालचं पायपुसणं ओढलं. मंजूने तिला जवळ घेतलं. मला मात्र ते आत्यावरचं प्रेम वाटलं नाही. माझी नात प्रेमाने बोलते तेव्हा तिचा आवाज असा सपाट नसतो.

"उशीर होतोय," कुमार म्हणाले. "आपली माणसं असती तर चाललं असतं. ते लोक वेळेवर सुरू करतात."

यातही एक बोच होती. कुमारनी आणि त्यांच्या मित्रांनी पंचाहत्तर साली शिकागोत भारतीय इंजिनिअरांची संस्था काढली होती. सेक्रेटरी कोण आणि बटाटेवडे कोणी आणायचे यावरून ती नऊ वर्षांत बुडाली. ग्रासिएलाच्या लोकांची संस्था मात्र चाळीस वर्षं उभी. त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की कुमार आधी खुर्च्या मोजायचे आणि मग गप्प व्हायचे.

मी मंजूच्या गाडीत बसले. ऑग्डन अ‍ॅव्हेन्यूवर शनिवारची गर्दी होती. एका सिग्नलला गाडी थांबली.

"आई, तो पहिलं पाऊल टाकत होता तेव्हा मी हॉस्पिटलात होते. ग्रेसचा फोन आला. काय म्हणाली माहितेय? म्हणाली, 'उद्या तो तुझ्यासमोर टाकेल, तेच पहिलं समज. मी कोणाला सांगणार नाही.'"

"चांगलंच म्हणाली की गं."

"हो. नेहमी चांगलंच म्हणते. एकदा तरी वाईट वागली असती तर मला भांडता आलं असतं."

सिग्नल हिरवा झाला तरी ती थांबून होती. मागच्याने हॉर्न दिला.

हॉल फुलांनी, कागदी झालरींनी भरलेला होता. आमचं टेबल अगदी पुढचं, सोकोरोच्या शेजारी. सोकोरो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण तिथे तिचा रुबाब राणीसारखा. येणारा-जाणारा प्रत्येक मुलगा वाकून तिच्या गालाला गाल लावायचा आणि अबुएला, म्हणजे आजी, म्हणायचा. मला आजी म्हणणारी जगात दोनच आहेत, आणि त्यातला एक मला ओलांडून आधी तिच्याकडे गेला. मी ताटातला भात चिवडत बसले. कुमारना चिकन नको म्हटल्यावर चीजचा एन्चिलाडा आणून दिला होता, तो त्यांना आवडला, हेही मला आवडलं नाही.

तेवढ्यात लाल झग्यातली एक हसरी बाई मंजूकडे आली. लुपे तिचं नाव. सुटांचं कपाट तीच सांभाळते.

"किती सुंदर साडी!" ती इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही वेदच्या आत्या असणार."

"मी वेदची आई," मंजू म्हणाली.

लुपे खळखळून हसली. मंजूचा हात थोपटला. एखादी प्रेमळ आत्या भाच्याला 'माझंच लेकरू' म्हणते ना, तसं तिला वाटलं. "अर्थातच! अर्थातच! आपण सगळ्याच त्याच्या आया," असं म्हणून ती पुढे गेली.

मंजू वळून माझ्याकडे पाहायला लागली. मग उठली आणि अनिकाला शोधायला निघाली.

पुढचं मला अनिकाने सांगितलं, वर्षभराने, जेव्हा ती बोलायला तयार झाली तेव्हा. ती लेडीज रूममध्ये आरशासमोर उभी होती. लिपस्टिक लावायला गेली होती, पण लावत नव्हती. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. हे माझ्या आईचं गाव, माझ्या आईची माणसं, माझ्या आजीची भाषा, आणि निवडला तो. घरी बाबाशी इंग्रजीत बोलून बोलून तिचं स्पॅनिश कच्चं राहिलं होतं. वेदचं घर रिकामं असायचं म्हणून तो सोकोरोच्या स्वयंपाकघरात वाढला. तो सोकोरोसारखं बोलायचा, तिच्या गावच्या हेलासकट. सभेत अनिका एखाद्या शब्दाला अडखळली की कोणीतरी प्रेमाने म्हणायचं, भावाला विचार ना.

भावाला. तेच.

मंजू आत आली. "अनिका, त्या बाईने मला आत्या का म्हटलं?"

"आत्या, प्लीज."

"सांग."

"सगळ्यांना वाटतं तो माझा भाऊ आहे. हाफ ब्रदर. मॉमच्या फर्स्ट मॅरेजचा. लास्ट नेम वेगळं आहे ना, आणि तो तिला मामी म्हणतो. सो दे जस्ट..."

"फर्स्ट मॅरेज? ग्रेसचं?"

"दे मेड इट अप. आम्ही चौदाचे होतो. वी थॉट इट वॉज फनी. आम्ही काही बोललो नाही."

"आणि ग्रेस?"

"आधी ती करेक्ट करायची. मग तिने सोडून दिलं."

"आणि वेद?"

अनिकाने नळ सोडला आणि बंद केला. "ही लाइक्स इट, आत्या."

बाहेर माइक खरखरला. संघटनेचे रमीरो नावाचे वयस्कर इंजिनिअर स्टेजवर आले होते. त्यांनी आधी स्पॅनिशमध्ये, मग आमच्यासाठी इंग्रजीत सांगितलं की या वर्षी मत जवळजवळ एकमताने पडलं. चार वर्षं दर शनिवारी लहान मुलांना शिकवणारा, बर्फात गाडी घसरली तरी बसने येणारा मुलगा. "वेद सबनीस! आणि त्याला पट्टा घालायला त्याची आई, आमची ग्रासिएला!"

ग्रासिएला पट्टा घेऊन स्टेजच्या कडेला उभी होती. त्या क्षणाबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली आहे. ती म्हणाली, "आई, मी तोंड उघडलं होतं. मी म्हणणार होते, आई नाही, मामी. मग टाळ्या आल्या. फार मोठ्या आल्या. आणि मी तोंड बंद केलं." अनिकानंतर तिची दोन मुलं पोटातच गेली, हे या घरात फक्त मला माहीत आहे. मी तिला काही विचारलं नाही.

टाळ्या चालू असतानाच मंजू लेडीज रूमकडून आली आणि सरळ स्टेजच्या पायऱ्या चढली. निऱ्या उजव्या हातात धरून, सावकाश. पाय कुठेही अडकला नाही. ती माइकसमोर उभी राहिली.

"आय अ‍ॅम हिज मदर."

टाळ्या थांबल्या. रमीरो एकदा तिच्याकडे, एकदा ग्रासिएलाकडे पाहत राहिले. ग्रासिएला पुढे झाली आणि तिने स्पॅनिशमध्ये काहीतरी पटकन सांगितलं. मला एवढंच कळलं की 'मामी' हा शब्द त्यात चार-पाच वेळा आला. मराठीत मामी म्हणजे मामाची बायको, असं ती समजावत होती. मग एक मोठा हशा पिकला. मागच्या टेबलावरची माणसं पुढच्यांना विचारत होती, कळलं की तीही हसत होती. लुपेने कपाळावर हात मारला. सोकोरोने माझं मनगट धरून हलवलं. मंजूच्या ओठांवरही काहीतरी हललं, शपथेवर सांगते. तिथेच थांबलं असतं तर आज आम्ही ती गोष्ट लग्नाकार्यात सांगून हसलो असतो.

पण खालून, स्टेजच्या पायरीशी उभ्या असलेल्या अनिकाचा आवाज आला. माइक नव्हता, तरी सगळीकडे ऐकू गेला.

"ही न्यू! इतकी वर्षं त्याला माहीत होतं. तुम्ही त्याला माझा भाऊ समजता हे त्याला माहीत होतं."

हशा विरला. वेदने अनिकाकडे पाहिलं. 'तुलाही माहीत होतं' एवढं म्हणणं त्याला सहज शक्य होतं. त्याने ते म्हटलं नाही. त्या दिवसातलं मला आठवणारं सगळ्यात चांगलं तेवढंच.

"हो," तो माइकमध्ये म्हणाला, स्पॅनिशमध्ये. मग आईकडे वळून अर्ध्या मराठीत, "मॉम, आपल्या मंडळात गेलो की सगळे काका-काकू विचारायचे, बाबा कुठे असतात? दर गणपतीला, दर दिवाळीला. इथे कोणी विचारलं नाही. यांनी स्वतःच एक फॅमिली बनवून दिली. सिस्टर, अबुएला, सगळं. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"आणि आई?" मंजूने विचारलं. "त्या फॅमिलीत मी कुठे होते?"

वेदने बाह्या खाली ओढल्या. बावीस वर्षांचा मुलगा, उसना सूट, बाहीतून मनगटं बाहेर आलेली. रमीरोंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, पण माइक चालूच होता, "पोरा, आमचा दरवाजा सगळ्यांना उघडा आहे. तू खरं सांगितलं असतंस तरी पट्टा तुलाच मिळाला असता." त्याला खरा मार बसला तो या वाक्याने. त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

ग्रासिएलाने पट्टा दोन्ही हातांनी मंजूपुढे धरला. "तू घाल, मंजू. तुझा आहे तो."

मी खालून मनातल्या मनात म्हणत होते, घे गं बाई, घे.

मंजूने पट्ट्याकडे पाहिलं. मग ग्रासिएलाकडे. मराठीत म्हणाली, म्हणजे त्या तीनशे माणसांत आम्हा सहाजणांनाच कळावं म्हणून, "तू दिलेला मी घालू? माझ्या मुलाला?"

आणि ती स्टेजवरून उतरली, टेबलाशी आली, माझी पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "चल आई." कुमार उठले. मी उठले. वेद आमच्यामागे आला नाही. दारातून मी वळून पाहिलं, तर ग्रासिएला तशीच उभी होती, हातांवर तो पट्टा. अमित स्टेजच्या पायरीपर्यंत गेला होता आणि तिथे थांबला होता. बायकोकडे जावं, बहिणीकडे की मुलीकडे, हे त्याचं ठरत नव्हतं.

त्यालाही आता बरीच वर्षं लोटल्यासारखी वाटतात, पण मध्ये फार वर्षं गेलेली नाहीत.

पट्टा त्या संध्याकाळी कोणाच्याच गळ्यात पडला नाही. पुढच्या आठवड्यात शाखेने तो अनिकाला देऊ केला. तिने घेतला. ग्रॅज्युएशनच्या फोटोत तो तिच्या गळ्यात आहे आणि त्या फोटोत ती हसत नाही. ती आता अ‍ॅशबर्नला एका डेटा सेंटरच्या वीजपुरवठ्याचं काम बघते. तिथल्या शाखेत जाते, मुलींच्या मुलाखतींची तयारी करून घेते. स्पॅनिश शिकायला तिने रात्रीचा वर्ग लावला. वेदशी तिची चॅट सुरू झाली ती सहा महिन्यांनी, एका मांजराच्या व्हिडिओवरून. माफी कोणी कोणाची मागितल्याचं मला माहीत नाही.

कुमार त्या हिवाळ्यात एकदा मला न सांगता शाखेच्या शनिवारच्या वर्गात गेले. मग जातच राहिले. मुलांना वायरिंग शिकवायचे आणि घरी येऊन त्यांच्या कॉफीला नावं ठेवायचे. चोवीस सालच्या ऑक्टोबरात ते गेले. अंत्यविधीला मंजू माझ्या एका बाजूला उभी होती, ग्रासिएला दुसऱ्या बाजूला. दोघी माझ्याशी बोलल्या. एकमेकींशी नाही. रमीरो आणि लुपे आले होते. वर्गातली मुलं उसन्या सुटांत मागे ओळीने उभी होती. कुमारच्या बुडालेल्या संस्थेचं कोणी उरलंच नव्हतं यायला.

सोकोरो आता मुलाकडे टेक्सासला असते. तिच्याशी माझं फोनवर बोलणं होतं. तिचं मला कळत नाही, माझं तिला कळत नाही. आम्ही दोघी बराच वेळ बोलतो.

अमितचा रक्तदाब वाढला. तो रविवारी सकाळी बायकोसोबत येतो आणि मंजू दुपारी येते. पोहे मी दोनदा करते. सणावारी मात्र दोघी येतात हल्ली, एका टेबलाशी बसतात, मीठ हवं असलं तर माझ्याकडे मागतात.

मंजू हॉस्पिटलात स्पॅनिश बोलणाऱ्या पेशंटांना आता दुभाष्याशिवाय तपासते. का शिकलीस, असं मी विचारलं नाही.

आणि वेद. तो पिट्सबर्गपासून तीन तासांवरच्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी गेला, पुलांचंच पुढचं शिकायला. तीन मुलं मिळून एका अपार्टमेंटमध्ये राहतात. पहिल्याच आठवड्यात तो तिथल्या हिस्पॅनिक इंजिनिअरांच्या विद्यार्थी शाखेत गेला आणि आपलं नाव सांगतानाच म्हणाला, मी तुमच्यापैकी नाही, पण मला पूल बांधायला तुम्ही शिकवलंत. त्यांनी त्याला त्याच दिवशी खुर्च्या लावायच्या कामाला घातलं, असं तो मंजूला फोनवर सांगत होता. ती स्पीकरवर ठेवून मला ऐकवत होती. त्या फोननंतर ती बरेच दिवस खुशीत होती.

पंचवीसच्या फेब्रुवारीत एका सकाळी त्याचं अपेंडिक्स फुटलं. हॉस्पिटलने मंजूला फोन केला. त्याने नाव तिचंच दिलं होतं, हे तिने मला विमानतळावरून तीनदा सांगितलं. पण शिकागोत बर्फ होतं, विमानं खोळंबलेली. ग्रासिएला त्या आठवड्यात कामासाठी पिट्सबर्गला होती. अमितने तिला कळवलं आणि ती गाडी घेऊन निघाली. वेदला ऑपरेशनमधून बाहेर आणलं तेव्हा ती तिथे होती.

मंजू संध्याकाळी पोचली. कॉरिडॉरमधून तिने काचेतून पाहिलं. वेद झोपलेला, आणि पलंगाला लागून एकच खुर्ची, तीत ग्रासिएला. तिचा हात त्याच्या हातावर. मंजू दारात आली तशी ग्रासिएला उठली. कोट घेतला. जाताना मंजूच्या दंडाला हात लावला आणि इतकंच म्हणाली, "ताप नाही आता." आणि गेली. त्या बर्फात परत पिट्सबर्गला.

मंजूने मला हे सगळं दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. वेद कसा आहे, टाके किती, काय खाल्लं. मी म्हटलं, "बरं झालं बाई, तू पोचलीस. त्याच्याजवळ बसलीस ना?"

"बसले ना," ती म्हणाली. मग टाके कधी काढणार तेही सांगितलं. मी फोन ठेवायला निघाले.

"आई," ती म्हणाली, "खुर्ची गरम होती."